भिंतीवरचा वारली आणि वेशीबाहेरचा कातकरी : कार्यस्थळे व क्रीडासंस्थांमधील आदिवासी कलेच्या वापराची चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रातील आदिवासी कलेने मोठा प्रवास केला आहे. कुडाच्या भिंतीवरची वारली चित्रे कागदावर आली, कागदावरून कापडावर गेली आणि आता शहरी कार्यालयांची दालने, उपाहारगृहे, शाळांची आवारे व क्रीडासंकुलांच्या भिंती सजवू लागली आहेत. ‘आदिवासी संस्कृतीचा परिचय’ या नावाखाली कर्मचाऱ्यांसाठी दोन-तीन तासांच्या चित्रकला कार्यशाळा घेतल्या जातात. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला वारली आकृत्यांची शुभेच्छापत्रे वाटली जातात. या साऱ्या उपक्रमांमागील हेतू बहुधा चांगला असतो. परंतु हेतू चांगला असला म्हणजे परिणामही चांगला होतो, असे गृहीत धरता येत नाही.

प्रस्तुत लेखात या वापराची चिकित्सा पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या संदर्भात केली आहे. पौड हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, पिरंगुटची कारखानदारी आहे आणि सह्याद्रीच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्याही आहेत. आधुनिक कार्यस्थळ आणि आदिवासी वस्ती एकाच तहसील कचेरीच्या अखत्यारीत असल्यामुळे ‘सांस्कृतिक जाणीव’ या संकल्पनेची कसोटी येथे चांगली लागते. तुलनेसाठी ऑस्ट्रेलियाचा विचार केला आहे. कार्यालये व क्रीडासंघ यांच्यासाठी आदिवासी कला आणि संस्कृती यांच्या परिचयाचे कार्यक्रम तेथे पद्धतशीरपणे राबवले गेले असून त्यांचे यशापयशही तपासून पाहता येते.

१. चौकातून चौकटीत

वारली चित्रकलेचे मूळ स्थान आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हा परिसर होय. परंपरेने ही कला स्त्रियांची. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखाटीत. चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी असते. चौकाच्या कडांना ठरावीक आकृत्यांच्या पट्ट्या असतात. जवळच घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव येतो. धवलेरी ही स्त्री पुरोहित गीते गाऊन विवाहविधी चालवते. म्हणजे चौक हा सजावटीचा भाग नसून विधीचाच घटक आहे. त्याला वेळ आहे, स्थान आहे आणि तो कोणी काढावा याचे नियमही आहेत. लग्न झाले की त्याचे काम संपते आणि पुढच्या सारवणात तो मिटून जातो.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात गेले. त्यांनी वारली स्त्री-पुरुषांच्या हाती कागद दिला. त्यातूनच जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांची प्रतिभा जगापुढे आली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९८९ च्या पॅरिस येथील ‘मॅजिशियन्स द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे यांनी विधीच्या बाहेर येऊन दैनंदिन जीवन, पाऊस, मासेमारी, मुंग्यांची वारुळे, लोककथा असे विषय हाताळले. विधीतील चिन्हांच्या आधारे त्यांनी कथन उभे केले. हा बदल परंपरेचा ऱ्हास होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एका कलावंताने आपल्या समाजाच्या रेषेला दिलेले ते नवे सामर्थ्य होते, आणि त्यातून अनेक वारली कुटुंबांना उपजीविकेचे साधनही मिळाले.

मात्र या स्थित्यंतराची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. कागदावरची वारली चित्रकला प्रामुख्याने पुरुष चित्रकारांच्या नावे ओळखली जाऊ लागली आणि चौक काढणाऱ्या सवाशिणी निनावी राहिल्या. कागदावरून भिंतीवर परत येताना तर चित्रकाराचेही नाव गळून पडले. कार्यालयीन सजावटीत उरली ती दोन त्रिकोणांची मानवाकृती आणि तारप्याभोवतीचे नृत्याचे वर्तुळ. पालघाट, पंचशिऱ्या, धवलेरी यांपैकी कोणीही त्या भिंतीवर दिसत नाही. ज्या चित्रभाषेत जन्म, लग्न, पीक आणि मृत्यू यांचा विचार सामावला होता, तिच्यातून ‘आनंदी, निरागस, निसर्गात रमलेला आदिवासी’ एवढाच एक अर्थ शिल्लक ठेवला गेला. चौकटीत बसवलेल्या या आदिवासीला भूक, कर्ज, मालकी, मतभेद किंवा वर्तमानकाळ यांपैकी काहीही नसते.

२. मुळशीत वारलीच का?

या सजावटीविषयीचा सर्वांत मूलभूत प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. मुळशी तालुका हा वारल्यांचा प्रदेश नव्हे. मग येथील कार्यालयांच्या, विश्रामगृहांच्या व शेतघरांच्या भिंतींवर ‘स्थानिक आदिवासी कला’ म्हणून वारली आकृत्याच का दिसतात? याचे उत्तर साधे आहे. या मातीतल्या आदिवासींपाशी बाजाराला विकता येईल असे चित्र नाही.

कातकरी किंवा काथोडी ही जमात कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहे. खैराच्या झाडापासून कात तयार करणारे ते कातकरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. ब्रिटिश काळातील वनकायद्यांनी जंगलावरचा त्यांचा वावर आणि कातनिर्मितीचा व्यवसाय आक्रसत नेला. पुढे कोळसाभट्टी, वीटभट्टी व शेतमजुरी हेच त्यांचे आधार बनले. भट्टीमालकाकडून पावसाळ्यात उचल घ्यायची आणि कोरड्या दिवसांत कुटुंबासह राबून ती फेडायची, या चक्रात अनेक पिढ्या अडकल्या. अनेक वाड्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती जमीन राहणाऱ्यांच्या नावे नाही. त्यामुळे जमिनीचे भाव वाढले की राहते घर धोक्यात येते. हिंजवडीनंतरच्या मुळशीत जमिनीच्या भावांचे काय झाले, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

कातकऱ्यांची संस्कृती प्रामुख्याने ज्ञानाच्या आणि बोलीच्या रूपात आहे. कोणत्या ओढ्यात कोणत्या महिन्यात खेकडे मिळतात, कोणता कंद कसा शिजवला म्हणजे त्याचा खाजरेपणा जातो, मोहोळ कसे काढावे, माशांची वाट कशी ओळखावी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आले आहे. त्यांच्या बोलीला स्वतःची घडण आहे. परंतु हे ज्ञान भिंतीवर टांगता येत नाही, कपाच्या कडेवर छापता येत नाही, दोन तासांत ‘शिकवून’ घरी नेण्याजोगी वस्तूही त्यातून तयार होत नाही. परिणामी ज्या समाजाला चित्र आहे तो समाज ‘सांस्कृतिक’ ठरतो आणि ज्याला चित्र नाही तो केवळ ‘मागास’ ठरतो. सांस्कृतिक जाणिवेचे कार्यक्रम दृश्यकलेपुरते मर्यादित ठेवण्यातला हा सर्वांत गंभीर दोष होय. शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या आदिवासीची प्रतिमा भिंतीवर लावली जाते आणि तिच्या आडोशाला त्याच तालुक्यातला आदिवासी दिसेनासा होतो.

मुळशीच्या इतिहासाच्या बाबतीतही असेच घडले आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला मुळशी सत्याग्रह ही या तालुक्याची सार्थ अभिमानाची आठवण आहे. तो जमीन गमावणाऱ्या मावळ्यांचा लढा होता, आणि त्याची नोंद झाली हे योग्यच झाले. परंतु ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांनी काय गमावले, हे सांगणारे कागद सहसा तयार होत नाहीत. आज पौडच्या कचेरीत जातीचा दाखला, शिधापत्रिका वा राहत्या जागेची नोंद यांसाठी येणारा कातकरी नेमक्या त्याच कागदाच्या अभावाशी झगडत असतो. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर या भागांत आहे. मुळशी त्याबाहेर असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याचे संरक्षणही येथे मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ या केंद्रीय योजनेने असुरक्षित गटांना घरे व सोयी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु ज्याची जागाच नोंदलेली नाही त्याला घर कोठे बांधून द्यायचे, या प्रश्नापाशी अशा योजना अडतात.

३. ऑस्ट्रेलियाचा दाखला : पोशाख, परिचय आणि अधिकार

ऑस्ट्रेलियातील घडामोडी या विषयाच्या अभ्यासकाला दोन्ही अंगांनी उपयुक्त आहेत. १९६६ मध्ये तेथे दशमान चलन आले तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलंगी या आदिवासी चित्रकाराच्या वल्कलचित्रातील आकृत्या त्याला न विचारता छापण्यात आल्या. मूळ चित्र पूर्वजाच्या अंत्यविधीशी संबंधित होते. प्रकरण उघडकीस आल्यावर त्याला मोबदला व पदक देण्यात आले. लग्नचौकातील आकृती भेटवस्तूवर येणे आणि अंत्यविधीचे चित्र नोटेवर येणे यांत तत्त्वतः अंतर नाही. विधीचा संदर्भ आणि कर्त्याची संमती या दोन्ही गोष्टी दोन्ही ठिकाणी वगळल्या गेल्या.

फरक पडला तो पुढे. १९७१ मध्ये पापुन्या येथे जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने वाळवंटी प्रदेशातील आदिवासींनी फळ्यांवर चित्रे काढण्यास सुरुवात केली. भास्कर कुलकर्णींच्या कार्याशी काळाने व स्वरूपाने जुळणारी ही घटना आहे. परंतु पापुन्याच्या चित्रकारांनी लौकरच स्वतःची कंपनी स्थापन केली. विधीतील कोणती चिन्हे बाहेरच्यांना दाखवावीत आणि कोणती झाकावीत, यावर त्यांच्यात वाद झाले आणि त्या वादांतून चित्रांची शैलीही बदलली. १९९४ मध्ये आदिवासी चित्रांची नक्कल करून व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांविरुद्ध न्यायालयाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. १९९८ च्या बुलुन बुलुन खटल्यात तर चित्रकार आपल्या कुळाप्रति विश्वस्ताच्या नात्याने बांधील असतो, ही भूमिका न्यायालयाने मांडली. कला ही एकट्या कलावंताची की समूहाची, या प्रश्नाला कायद्याच्या भाषेत काही उत्तर मिळाले.

क्रीडाक्षेत्रातील बदलाची सुरुवात कलेने झाली नाही, अपमानाने झाली. १९९३ मध्ये मेलबर्नच्या मैदानावर वांशिक शेरेबाजीला तोंड देणाऱ्या निकी विनमार या फुटबॉलपटूने अंगातली जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवले. १९९५ मध्ये मायकेल लाँग या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याच्या वांशिक शिवीविरुद्ध तक्रार केली आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने वांशिक अवमानाविरुद्धचा नियम केला. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानार्थ खेळवली जाणारी विशेष फेरी, तीत आदिवासी कलावंतांनी रेखाटलेले पोशाख आणि संघांसाठीचे परिचय-कार्यक्रम हे सारे त्यानंतरचे आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तक्रार, मग नियम आणि शेवटी चित्र. भारतीय क्रिकेटप्रेमींनी याचे एक रूप २०२० च्या अखेरीस पाहिले. सिडनीतील पहिल्या एकदिवसीय सामन्याआधी दोन्ही संघ अनवाणी वर्तुळात उभे राहिले आणि ट्वेन्टी-ट्वेन्टी सामन्यांत यजमान संघाने आदिवासी नक्षीचा पोशाख घातला. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी क्रिकेट संघाची आठवण त्या नक्षीत होती.

तथापि, या कार्यक्रमांचे अपयशही तितकेच बोलके आहे. ॲडम गुड्स हा थोर आदिवासी फुटबॉलपटू २०१४ मध्ये ‘वर्षातील सर्वश्रेष्ठ ऑस्ट्रेलियन’ ठरला. तोच प्रेक्षकांच्या सततच्या हुर्योने त्रासून २०१५ मध्ये निवृत्त झाला. लीगने त्याची जाहीर माफी मागितली ती २०१९ मध्ये. कार्यालयांच्या बाबतीतील उदाहरण अधिक तीव्र आहे. २००६ पासून तेथील कंपन्या ‘समेट कृती आराखडे’ तयार करतात. त्यांत कर्मचाऱ्यांना आदिवासी संस्कृतीचा परिचय, आदिवासींना नोकऱ्या व त्यांच्याकडून खरेदी यांची लेखी उद्दिष्टे असतात. रिओ टिंटो या खाण कंपनीचा आराखडा सर्वोच्च श्रेणीतला मानला जात होता. त्याच कंपनीने मे २०२० मध्ये जुकान घळीतील सुमारे ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वास्तव्याच्या खुणा असलेली शैलाश्रये सुरुंग लावून उडवली. त्यानंतर आराखड्याला दिलेली मान्यता काढून घेण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आदिवासींना संसदेपुढे सल्ल्याचा घटनात्मक आवाज देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी फेटाळला. पोशाखावरील नक्षी आवडणे आणि अधिकार मान्य करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

४. आपल्याकडील स्थिती

भारतात या विषयाचा विचार अद्याप प्रारंभिक अवस्थेत आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्याची मर्यादाही समजून घ्यावी लागते. हे संरक्षण ‘वारली चित्रकला’ या नावाला आहे, रेषेच्या शैलीला नाही. नाव न वापरता त्याच आकृत्या भिंतीवर छापणाऱ्याला या कायद्याने रोखणे अवघड आहे. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायद्याच्या कलम ५३ अ मध्ये दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकल्या जाणाऱ्या मूळ चित्राच्या किमतीत चित्रकाराला वाटा देण्याची तरतूद आहे. मात्र निनावी चित्राला ही तरतूद लागू करून घेणार कोण? कायद्याचा लाभ होण्यासाठी आधी चित्राखाली नाव यावे लागते.

क्रीडाक्षेत्रात आपली परंपरा गौरवाची आणि विसंगतीचीही आहे. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे आदिवासी होते. पुढे संविधान सभेत त्यांनी आदिवासींची बाजू मांडली. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या बिरुदाने त्यांचा पाडा घरोघरी पोहोचला. परंतु आदिवासी खेळाडूचे कौतुक करताना आपली भाषा ‘नैसर्गिक दमा’ची आणि ‘काटक शरीरा’ची असते. त्याच्या परिश्रमांचे श्रेय रानाला दिले जाते. शहरातील संघात आलेल्या आदिवासी मुलाची बोली, आहार आणि आडनाव यांची थट्टा झाली तर प्रशिक्षकाने काय करावे, याचा नियम आपल्याकडील किती क्रीडासंस्थांच्या घटनेत सापडेल? भिंतीवर तारपा रंगवण्यापूर्वी हा प्रश्न सोडवावा लागेल.

येथे एका संभाव्य आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. दोन तासांची कार्यशाळा म्हणजे क्रांती नव्हे, ती केवळ ओळख आहे, मग तिच्यावर एवढा भार का टाकावा, असे विचारले जाईल. हा आक्षेप अंशतः योग्य आहे. ज्या कार्यशाळेत वारली चित्रकार स्वतः येतो, त्याला योग्य मानधन मिळते आणि तो चौकाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगतो, ती कार्यशाळा लहान असूनही मोलाची असते. परंतु बिगर-आदिवासी प्रशिक्षकाने तयार नमुन्यावरून शिकवलेल्या आकृत्या ही ओळख नसून ओळखीचा आभास आहे. तिच्यामुळे ‘आदिवासी आपल्याला कळले’ असे समाधान मिळते आणि पुढचे प्रश्न विचारण्याची इच्छाच संपते. अज्ञान दूर करता येते, पण ज्ञानाचा भ्रम दूर करणे फार कठीण.

५. मूल्यमापनाच्या कसोट्या

वरील विवेचनावरून कार्यस्थळे व क्रीडासंस्था यांमधील अशा उपक्रमांना लावता येतील अशा चार कसोट्या पुढे येतात. पहिली नावाची. चित्र कोणी काढले, तो वा ती कोणत्या पाड्यातली, हे भिंतीवर लिहिले आहे काय? दुसरी शब्दाची. काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजातील माणसांना, विशेषतः स्त्रियांना, दिला आहे काय? तिसरी मोबदल्याची. ठेकेदाराला मिळणाऱ्या रकमेतील किती भाग चित्रकाराच्या हाती पडतो? चौथी कसोटी शेजाऱ्याची आहे आणि मुळशीच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. संस्था ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या परिसरातील आदिवासींशी संस्थेचा संबंध कोणता? त्यांना तेथे काम मिळते काय, मिळाल्यास ते केवळ बांधकामावरचे व सफाईचेच असते काय, आणि त्यांच्या वाडीच्या जागेचा प्रश्न निघाला की संस्था कोणत्या बाजूला उभी राहते?

या कसोट्या लावल्यास उपक्रमांचे स्वरूपच बदलेल. मुळशीतील एखाद्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कातकरी जाणकारांकडून रानभाज्या, ओढे व पावसाचे अंदाज यांवर सशुल्क सत्रे घेणे, त्यांच्या बोलीचा शब्दसंग्रह त्यांच्याच मुलांच्या साहाय्याने करणे, दाखल्यांच्या कामात कायदेशीर मदत देणे हे उपक्रम भिंतीवर दिसणार नाहीत. परंतु २०१३ च्या कंपनी कायद्याने पात्र कंपन्यांवर घातलेल्या सामाजिक खर्चाच्या बंधनाचा त्यात अधिक अर्थपूर्ण विनियोग होईल. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे संग्रहालय व अभ्यासाची परंपरा आहे. महाविद्यालयांकडे विद्यार्थी आहेत. यांची सांगड घालणे अशक्य नाही.

समारोप

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे एक कोटी पाच लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के आहे. एवढा मोठा समाज केवळ पांढऱ्या रेषेतील नृत्याच्या वर्तुळातून ओळखला जावा, ही आपल्या सांस्कृतिक दृष्टीची मर्यादा आहे. वारली चित्रकलेचे सौंदर्य निर्विवाद आहे आणि तिचा प्रसार होण्यात गैर काही नाही. आक्षेप आहे तो तिच्या आधाराने आदिवासी प्रश्नातून मिळवल्या जाणाऱ्या सोयीस्कर सुटकेला. ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगतो की कलेमुळे संवादाचे दार उघडते, पण दारापलीकडे जमीन, नियम आणि निर्णयाधिकार यांची बोलणी झाली नाहीत तर पोशाखावरची नक्षी आणि घळीतला सुरुंग एकाच संस्थेच्या हातून घडू शकतात. मुळशीतील कार्यस्थळांनी सांस्कृतिक जाणिवेची सुरुवात डहाणूच्या चित्रापासून करण्याऐवजी पौडच्या परिसरातील वाडीपासून करावी, आणि तेथील माणसांना विचारूनच भिंतीवर काय असावे हे ठरवावे.